बुडण्याआधीचा हिशेब

पुणतांबा, ता. राहाता

चि. सोहम,

तुझं पत्र पोचलं. वहीच्या पानावरच्या मोजक्या ओळी, पण त्या पेनाने लिहून, तिकीट लावून पाठवल्यास याचं मला फार कौतुक वाटलं. आपल्या गावच्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरा कागद धाडला अशी कथा सांगतात. वयाने लहान पण ज्ञानाने थोर अशा मुलाला मायना काय लिहावा हेच त्यांना सुचेना म्हणे. तुला तसली अडचण पडली नाही, सरळ मुद्द्यालाच हात घातलास. पाणबुडी पोलादाची, तेव्हा ती बुडते यात नवल नाही, पण पाहिजे तेव्हा वर कशी येते, आणि त्याहून नवल म्हणजे ना वर ना खाली अशी मधेच थांबते कशी, असं तू विचारलंस. हा दुसरा प्रश्न विचारलास ना, तिथे मला तुझ्यातला शहाणा मुलगा दिसला, कारण खरी गंमत तिथेच आहे. फोनवर विचारलं असतंस तर "हवा भरतात, पाणी भरतात" एवढं सांगून मी मोकळी झाले असते आणि तूही "बरं" म्हणून फोन ठेवला असतास. पण तुला पुढे नौदलात जायचंय, तेव्हा जरा बैजवार सांगते. चहा प्यायला असशील तर वाचायला घे.

विहिरीत पोहायला शिकलास ते आठव. काकाने तुझ्या पाठीला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधला होता. तो कॅन स्वतः पाव किलोचाही नसेल, पण पाण्यात दाबला की पाच लिटर पाण्याची जागा बळकावतो, आणि जेवढ्या पाण्याची जागा घ्याल तेवढ्या वजनाने पाणी तुम्हाला वर ढकलतं. शाळेच्या पुस्तकात यालाच प्लावक बल म्हटलंय आणि आर्किमिडीजचं नाव दिलंय. म्हणजे त्या कॅनने तुला पावणेपाच किलोची उचल दिली. एवढीशी उचल तुझ्यासारख्या दांडग्या मुलाला कशी पुरली? तर बाळा, पाण्यात माणसाचं वजन तसंही फारसं उरत नाही. आपलं अंग पाण्याहून किंचितच जड किंवा हलकं असतं, आणि त्या किंचितावर सगळा तरण्या-बुडण्याचा खेळ चालतो. मग एके दिवशी कॅनचं बूच सैल राहिलं, बुडबुडे निघू लागले, कॅन जड होत गेला आणि तू हातपाय झाडत पायरीला येऊन लटकलास. तू घाबरला होतास, पण पाणबुडी डुबी मारते कशी हे तू त्या दिवशी पाठीवर वागवून पाहिलंस. फरक एवढाच की ती आपलं बूच आपल्या मर्जीने उघडते.

पाणबुडीत माणसं राहतात तो भाग म्हणजे जाड पोलादाचं भक्कम नळकांडं. त्यात पाण्याचा थेंबही येऊ देत नाहीत. पाणी घ्यायचं ते त्याच्या बाहेर किंवा दोन्ही टोकांना असलेल्या टाक्यांत. त्यांना बॅलास्ट टाक्या म्हणतात. या टाक्यांना तळाशी भोकं असतात, आणि बऱ्याच पाणबुड्यांत ती कायमची उघडीच असतात. मग पाणी आत का शिरत नाही? कारण वरच्या बाजूच्या झडपा, म्हणजे व्हेंट, बंद असतात आणि आत कोंडलेली हवा पाण्याला थोपवून धरते. डुबी मारायची वेळ आली की व्हेंट उघडतात, हवा फुस्सकन निघून जाते आणि खालून पाणी चढतं. कुठलाही पंप लागत नाही. वर यायचं तेव्हा व्हेंट बंद करायचे आणि बाटल्यांत दाबून साठवलेली हवा टाक्यांत सोडायची. ती पाण्याला खालच्या भोकांतून बाहेर हाकलते.

याचा प्रयोग तू आपल्या हौदात करू शकशील. पत्र्याचा चहाचा डबा घे, झाकण काढून टाक, आणि तळाला खिळ्याने एकच भोक पाड. डबा उलटा धर, म्हणजे उघडं तोंड खाली आणि भोक वर. तोंडाच्या कडेला तीन ठिकाणी सारख्या अंतरावर जड नट तारेने बांध, नाहीतर डबा कलंडेल. भोकावर मेणाचा गोळा दाबून तो पाण्यात सोड, तरंगेल. गोळा काढलास की भोकातून बोटाला हवेचा गार झोत लागेल आणि डबा सरळ तळाला जाऊन बसेल. आता हात घालून भोक पुन्हा मेणाने बंद कर, एक नळी डब्याच्या तोंडाखाली सरकव आणि वरून फुंकत राहा. घाईने जोरात फुंकलंस तर हवा कडेने निसटेल आणि डबा तिरका होईल. हळूहळू फुंक. एका क्षणी डबा तळ सोडतो, आणि तो क्षण पाहण्यासारखा असतो, कारण शेवटचा अर्धा श्वास जास्त झाला म्हणून तो उठलेला असतो.

आता मोठी पाणबुडी घेऊ. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्यावरून कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या. पहिली 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली आणि सहावी 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी. त्याआधी याच डॉकने बांधलेली 'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ ला दाखल झाली होती. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. या सहांतली दुसरी 'खांदेरी', २८ सप्टेंबर २०१९ची. अलिबागजवळच्या थळसमोरचं खांदेरी बेट तुला इतिहासात भेटलेलं आहे; १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मायनाक भंडाऱ्याच्या लोकांनी इंग्रजांशी झुंजत तो उभा केला. त्या नावाची पाणबुडी आपल्या मुंबईत आपल्याच कामगारांनी जोडली याचा मला मनापासून अभिमान आहे.

कलवरी वर्गाची पाणबुडी साडेसदुसष्ट मीटर लांब असते आणि पूर्ण पाण्याखाली असताना साधारण १,७७५ टन पाण्याची जागा घेते. वर तरंगताना तिचं वजन त्याहून दीड-दोनशे टनांनी कमी असतं. तेवढं पाणी टाक्यांत घेतलं की वजन आणि उचल यांची बरोबरी होते, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या बरोबरीत आहे. पाणबुडी खाली जाताना दगडासारखी जड व्हायला जात नाही. पाण्याइतकीच व्हायचा तिचा प्रयत्न असतो. एकदा तसं जमलं की पुढे-मागे बसवलेले आडवे पंख जरा वर-खाली वळवून, पंख्याच्या जोराने, ती हवी तिकडे जाते.

पण ही बरोबरी एकदा साधली आणि सुटलो असं होत नाही, आणि मला तुझ्याशी बोलायचंय ते इथे. रोज निजण्याआधी तू दिवसाचा खर्च वहीत लिहितोस, एक रुपयाची पेन्सिलसुद्धा, असं तुझी आई सांगते. पाणबुडीवरही तसाच हिशेब ठेवावा लागतो, फक्त वजनाचा. बंदरातून निघण्याआधी किती धान्य चढलं, किती पिण्याचं पाणी, किती तेल, किती टॉर्पेडो, किती माणसं, आणि ते नळकांड्याच्या कोणत्या टोकाला ठेवलं, सगळं मांडतात. कारण मुख्य टाक्यांखेरीज आतल्या बाजूला लहान टाक्या असतात, त्यांतलं पाणी पुढे-मागे, आत-बाहेर करून बारीक तोल सांभाळायचा असतो. याला ट्रिम म्हणतात. आज डाळ-तांदूळ शिजून संपले, वजन घटलं. टॉर्पेडो सुटला, दीड-दोन टन एका झटक्यात गेले, लगेच तेवढं पाणी आत घ्या. दहा जण एकदम पुढच्या भागात जमले, नाक खाली झुकलं. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे बऱ्याच डिझेल पाणबुड्यांत तेल जळत जाईल तसं त्याच टाकीत खालून समुद्राचं पाणी येऊन जागा भरतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तेल खर्च होईल तशी पाणबुडी हलकी न होता जड होत जाते! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ त्याचाच विचार करत बसले होते.

शिवाय पाणी सगळीकडे सारखं नसतं. समुद्राचं पाणी मिठामुळे गोड्या पाण्याहून साधारण अडीच टक्के जड असतं. समुद्रात तोल नेमका साधलेली कलवरी उचलून आपल्या घाटापुढच्या डोहात ठेवली (गोदावरीला तेवढं पाणी कधी असतं हा प्रश्न सोड, नांदूर मधमेश्वरहून सोडलं तरच नदी भरते हे तुला ठाऊक आहे) तर काय होईल? १,७७५ ला १.०२५ ने भाग. १,७३२ च्या आसपास येतं. म्हणजे गोडं पाणी तिला ४३ टन कमी उचलेल, आणि उसाने भरलेले दोन मालट्रक टपावर ठेवावेत तशी ती तळाला जाईल. समुद्रात असं खरंच घडतं, फक्त थोड्या प्रमाणात. बंगालच्या उपसागरात इतक्या नद्यांचं गोडं पाणी येतं की वरचा थर अरबी समुद्रापेक्षा कमी खारट असतो आणि खालचा थर जास्त खारट, जास्त जड. वरच्या थरातून खाली उतरणाऱ्या पाणबुडीला खालचा थर एकदम जास्त उचलतो. अहिल्याबाईंनी बांधलेल्या आपल्या घाटावरून पावसाळ्यात वाहत गेलेलं पाणी पैठणचं धरण भरून, तेलंगण-आंध्र ओलांडून त्याच उपसागराला मिळतं. विशाखापट्टणमच्या पाणबुडीवाल्यांना आपल्या गोदावरीचाही हिशेब धरावा लागतो, असं मला उगाचच वाटत राहतं आणि छान वाटतं. तिथल्या पाणबुडी प्रशिक्षण केंद्राचं नावही 'आयएनएस सातवाहन' आहे, बरं का. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपल्याच नदीवरचं खालच्या अंगाचं पैठण.

खोलीचा अजून एक त्रास असतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो. तीनशे मीटरवर तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर तीस किलो आणि तळहाताएवढ्या जागेवर तीन टन! त्या दाबाने पोलादही थोडं आवळतं, पाणबुडीचं आकारमान किंचित घटतं, ती कमी पाण्याची जागा घेते, म्हणून उचल कमी होते आणि ती आणखी खाली जाऊ पाहते. आणखी खाली गेली की आणखी आवळते. म्हणून खोल जाताना थोडं थोडं पाणी बाहेर काढत जावं लागतं, आणि उतरावं लागतं ते टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर थांबून, तोल बघून, गळती कुठे नाही ना ते पाहून. लांबच्या फेरीला निघालेली पाणबुडी आधी उथळ पाण्यात डुबी मारून वहीतला हिशेब प्रत्यक्ष पाण्याशी ताडून घेते, आणि मगच खोलात जाते.

हे एवढं खोलात जाऊन सांगते कारण तुझ्या चांगुलपणाची मला तिळमात्र काळजी नाही. तू पहाटे उठतोस, वाकून नमस्कार करतोस, धाकट्या बहिणीला आधी वाढतोस. काळजी वाटते ती तुझ्या गणितातल्या गाळलेल्या पायऱ्यांची. उत्तर बरोबर येतं, पण मधल्या दोन ओळी तू मनातच करून टाकतोस. म्हणून एक जुनी हकिगत सांगते. इंग्लंडची 'थेटिस' नावाची नवी कोरी पाणबुडी १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी गेली. डुबी मारायला गेली तर बुडेचना; पुढून हलकी पडत होती. हिशेबाप्रमाणे पुढच्या दोन टॉर्पेडो नळ्यांत पाणी असायला हवं होतं. ते आहे की नाही हे बघायला आतल्या बाजूला एक छोटी तोटी होती. ती उघडली की पाणी आलं तर नळी भरलेली, न आलं तर रिकामी. एका नळीची तोटी उघडली, पाणी आलं नाही, म्हणून नळी रिकामी समजून तिचं आतलं दार उघडलं. नळीचं बाहेरचं तोंड समुद्राला उघडं होतं. तोटीचं भोक रंगाच्या थेंबाने बुजलेलं होतं, एवढंच. ते भोक मोकळं आहे ना हे बघायला एक सुईसारखी सळईही दिलेली होती, ती घालून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. पाण्याचा लोंढा आला, नाक तळाला टेकलं, आणि पाणबुडीवरच्या १०३ माणसांपैकी फक्त चौघे जिवंत सुटले. ती सगळी कामसू, हुशार माणसं होती रे. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. दुपार कलू लागली होती, डुबी लांबत चालली होती, आणि सगळ्यांनाच काम उरकायचं होतं, एवढं मात्र मला त्यात दिसतं आणि जीव कळवळतो.

आता वर येण्याकडे वळू, कारण त्यात काटकसरीची मोठी मजा आहे आणि ती तुला आवडेल. दाबून ठेवलेली हवा पाणबुडीवर मोलाची असते. ती बाटल्यांत दोनशे-अडीचशे पट दाबाने भरलेली असते आणि समुद्राखाली असताना नवी आणता येत नाही. तीनशे मीटर खोलीवर एक घनमीटर पाणी टाकीतून हाकलायचं तर वरच्या मोकळ्या हवेतली एकतीस घनमीटर हवा खर्ची पडते, कारण दाबाने ती तेवढी आकसते. तेच काम पृष्ठभागाजवळ करायला तिच्या छोट्याशा भागात भागतं. म्हणून आणीबाणी नसेल तेव्हा पाणबुडी हवा वाचवते. पंख्याच्या जोराने आणि आडव्या पंखांच्या कलाने ती आधी उथळ पाण्यापर्यंत चढते, पेरिस्कोपने चारी बाजूंना जहाज-होडी नाही ना बघते, मग थोडी हवा टाक्यांत सोडून डोकं बाहेर काढते, आणि एकदा बाहेरची हवा मिळाली की उरलेलं पाणी साध्या कमी दाबाच्या पंख्याने निवांत हाकलते. काही जुन्या पाणबुड्यांत तर डिझेल इंजिनाचा धूरच त्या कामी लावत. टाकून द्यायच्या धुराचासुद्धा उपयोग! तुझ्या पणजीला हे कळलं असतं तर ती त्या खलाशांना जेवायला बोलावून आली असती.

डिझेल पाणबुडीला अधूनमधून बॅटऱ्या भरायला पृष्ठभागाजवळ यावंच लागतं, कारण इंजिनाला श्वास लागतो. नळी तेवढी पाण्याबाहेर काढून, शक्यतो अंधारात, हे काम उरकतात आणि उजाडण्याआधी पुन्हा खाली जातात. तेव्हा पहाटे उठायची तुझी सवय वाया जाणार नाही.

विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर 'कुरसुरा' नावाची जुनी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. १९६९ साली नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी तिचं संग्रहालय झालं. मी ती आतून पाहिली आहे. एक्क्याण्णव मीटर लांब, पण आत वाट एवढी अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला पोलादी गोल भोक, त्यातून आधी पाय, मग अंग, मग डोकं. आणि जिकडे बघावं तिकडे चाकं, हातात मावतील एवढी, प्रत्येक चाकाशी एक पट्टी आणि त्यावर त्याचं नाव. आमच्यापुढे एक मुलगा ती फिरवायला धावत होता, तर तिथे माहिती सांगणारे निवृत्त नौसैनिक त्याला प्रेमाने म्हणाले, "आधी नाव वाच, मग हात लाव." मी तिथेच ठरवलं होतं, तुला एकदा इथे आणायचं. बारावी झाली की जाऊ. मनमाडपर्यंत आपल्या गाडीने, पुढचं तिकीट काका काढेल.

तोवर दोन कामं कर. ४३ टनांचा हिशेब पुन्हा मांडून बघ, सगळ्या पायऱ्या लिहून, कारण मी मिठाचं प्रमाण सरासरी धरलंय. बंगालच्या उपसागरासाठी १.०२० धरलंस तर किती येतं ते मला कळव. दुसरं, दिवाळीत येशील तेव्हा डब्याचा प्रयोग इथे हौदात करू. नट तेवढे तिकडून आण, तिन्ही एकाच वजनाचे, दुकानात काट्यावर घालून घे. नळी विकत आणू नकोस. काकाच्या ठिबकच्या उरलेल्या नळ्या गोठ्यात गुंडाळून ठेवल्या आहेत, त्यातली हातभर कापून घेऊ. डबा मी राखून ठेवला आहे.

आईला आशीर्वाद सांग. छोटीला पेरूचं विचारलंय म्हणावं, बहर चांगला धरलाय.

तुझी,
आजी